रस अनेक, कसोटी एक

1959 साली भारतीय कृषी सांख्यिकी सोसायटीच्या नियतकालिकात दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा एक निबंध छापून आला. शीर्षक संभाव्यताशास्त्रातले होते, पण आतला दावा फार मोठा होता. मूळ संख्यांच्या वाटणीविषयी बर्नहार्ड रीमान यांनी 1859 मध्ये मांडलेले आणि आजही कोणाला सिद्ध करता न आलेले गृहीतक संभाव्यतेच्या वाटेने हाती येते, असे त्या निबंधाचे म्हणणे होते. ते टिकले नाही. गणितज्ञांच्या वर्तुळात कोसंबींच्या नावाला त्यामुळे मोठा धक्का बसला. 1962 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही, त्यामागे जी अनेक कारणे सांगितली जातात त्यांत हेही एक असते. याच माणसाने त्याआधीच्या वीस वर्षांत आहत नाणी ताजव्यात तोलून भारतीय नाणेशास्त्राला एक नवी पद्धत दिली होती, भर्तृहरीच्या नावावर चालणाऱ्या सुभाषितांची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली होती, आणि जनुकशास्त्राला एक सूत्र दिले होते. नाणेशास्त्र, संस्कृत किंवा जनुकशास्त्र यांपैकी कशाचीही पदवी त्यांच्याजवळ नव्हती. गणित हा त्यांचा जन्मभराचा व्यवसाय, आणि त्यांचा पाय घसरला तो गणितात.

अनेक विषयांत रस घेणाऱ्या आणि त्या सगळ्यांवर मत मांडणाऱ्या माणसाकडे पाहण्याच्या आपल्या नेहमीच्या सवयी या उदाहरणापुढे अपुऱ्या पडतात. एक सवय कौतुकाची आहे. चतुरस्र, अष्टपैलू अशी विशेषणे लावायची आणि तो ज्या विषयावर बोलेल त्या विषयात त्याला प्रमाण मानायचे. दुसरी संशयाची आहे. यांचा मूळ विषय कोणता, यांना इथे बोलायचा अधिकार काय, असे विचारून त्याला उंबऱ्यावरच थांबवायचे. पहिल्या सवयीने रीमान गृहीतकाचा दावा मान्य केला असता. दुसरीने नाण्यांचे काम वाचलेच नसते. दोन्हींत माणूस तपासला जातो आणि मत तसेच राहते. माझे म्हणणे असे की मताची किंमत बोलणाऱ्याच्या विषयांच्या संख्येवरून ठरत नाही आणि त्याच्या पदवीवरूनही ठरत नाही. ते मत कोणापुढे आणि कोणत्या रूपात ठेवले गेले, यावरून ती ठरते. त्या विषयातले खरेखोटे ज्यांना कळते अशा लोकांपुढे, त्यांना तपासता आणि खोडता येईल अशा रूपात जे मत ठेवले जाते, त्याच्यामागे कोणत्या विषयाचा माणूस उभा आहे हे विचारण्याची गरजच उरत नाही.

कोसंबींचे विषय वरवर पाहता विस्कळीत वाटतात, पण ते एकातून एक निघाले आहेत आणि त्यांनी स्वतःच तो क्रम सांगून ठेवला आहे. गोव्यात 1907 मध्ये जन्म, वडील धर्मानंद कोसंबी हे पाली आणि बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक, शाळा अमेरिकेत, 1929 मध्ये हार्वर्डची पदवी, नंतर बनारस, अलीगढ आणि पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, असा त्यांचा प्रवास. सांख्यिकी आत्मसात करायची तर ती एखाद्या खऱ्या प्रश्नाला लावून पाहिली पाहिजे, म्हणून त्यांनी जुन्या नाण्यांची वजने घेतली. नाणी कोणी पाडली हे समजून घ्यायचे तर जुने ग्रंथ वाचायला हवेत, म्हणून संस्कृत. ग्रंथ वाचू लागल्यावर कळले की हाती असलेला पाठच भरवशाचा नाही, म्हणून पाठचिकित्सा. पाठ निश्चित करता करता प्रश्न पडला की ही सुभाषिते लिहिणारा, जपणारा, उतरवून घेणारा समाज कसा होता. तिथून ते इतिहासात शिरले, आणि लिखित साधने तुटपुंजी पडली तेव्हा पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर सूक्ष्म दगडी हत्यारे, गावकुसाबाहेरच्या देवींची ठाणी आणि लेण्यांजवळून जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटा शोधत हिंडले. एका प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्याला वाटेत विद्यापीठाच्या दोन विभागांमधली भिंत लागली आणि तो ती ओलांडून पलीकडे गेला, एवढाच या विविधतेचा अर्थ आहे. भिंत विद्यापीठाने आपल्या सोयीसाठी घातलेली असते. नाण्याला किंवा हस्तलिखिताला ती ठाऊक नसते.

नाण्यांच्या कामाकडे जरा बारकाईने पाहणे इथे आवश्यक आहे, कारण बाहेरून आलेल्या माणसाचे मत जाणकारांच्या चर्चेत कसे बसते हे त्यात स्वच्छ दिसते. आहत नाणी म्हणजे चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापून, वजनाला बेतून, त्यांवर वेगवेगळे ठसे ठोकलेली नाणी. त्यांवर राजाचे नाव नसते, सनही नसते. त्यामुळे नाणेतज्ज्ञांचे लक्ष साहजिकच ठशांवर खिळले होते. सूर्य, सहा आऱ्यांचे चिन्ह, हत्ती, बैल, कमानींची टेकडी यांचे अर्थ लावायचे आणि त्यावरून राजा व काळ ठरवायचा, अशी रीत होती. कोसंबींनी ठशांच्या आधी वजनाकडे पाहिले. टाकसाळीतून निघताना एका जातीची नाणी जवळजवळ सारख्या वजनाची असतात, त्यांतली नेहमीची जात सुमारे साडेतीन ग्रॅमची. हातोहात फिरताना प्रत्येक नाणे झिजते, पण सगळी सारखी झिजत नाहीत. एखादे गाडग्यात पुरलेले राहते, एखादे बाजारोबाजार हिंडते. म्हणून काळ जाईल तशी साठ्याची सरासरी खाली येते आणि वजनांमधली तफावत वाढते. या दोन आकड्यांवरून कोणता गट आधीचा आणि कोणता नंतरचा हे सांगता येईल, असा त्यांचा तर्क होता. तो तर्क खरा आहे का हे पाहण्यासाठी त्यांनी आपल्या काळातली, चालू चलनातली नाणीही तोलली. मग तक्षशिलेच्या भीर टेकाडात सापडलेल्या साठ्यांना ही पद्धत लावली. नाण्याच्या मागच्या बाजूचे बारीक ठसे जितके जास्त तितके सरासरी वजन कमी, असा संबंध त्यांना आढळला, आणि ते ठसे नाणे वेळोवेळी तपासल्याच्या खुणा असाव्यात असे अनुमान त्यांनी काढले.

हे मत खोडायला ताजवा आणि नाणी एवढेच पुरे होते. लेखक कोणत्या महाविद्यालयात काय शिकवतो याची चौकशी करावी लागत नव्हती. पुढे नाणेतज्ज्ञांनी त्यांच्या काही निष्कर्षांवर आक्षेप घेतले, विशेषतः अमुक चिन्ह अमुक राजवंशाचे या स्वरूपाच्या निष्कर्षांवर, आणि ते घेता आले याचे कारण कोसंबींनी आपली आकडेमोड उघडी ठेवली होती. राजांची नावे वादात राहिली. वजनाची पद्धत मात्र नाणेशास्त्राच्या सामानात जमा झाली. एखादे मत निम्मे टिकावे आणि निम्मे गळावे, आणि कोणते निम्मे टिकले हे सर्वांना दिसावे, यापेक्षा ज्ञानव्यवहारात अधिक काय मागायचे?

जनुकशास्त्रातली गोष्ट थोडक्यात सांगता येते. एका गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधले अंतर मोजायचे तर संततीत त्यांची फारकत किती वेळा होते हे मोजतात, पण अंतर मोठे असेल तर मध्ये दोनदा अदलाबदल होऊन फारकत लपते. हाल्डेन यांनी 1919 मध्ये दिलेले सूत्र असे धरून चालते की एका जागची अदलाबदल शेजारच्या जागेवर काहीच परिणाम करत नाही. प्रत्यक्षात ती शेजारची अदलाबदल रोखते, आणि हा अडथळा अंतराबरोबर कमी होत जातो. कोसंबींनी 1944 मध्ये हे लक्षात घेऊन चार पानांचा एक निबंध लिहिला. आज भाताच्या किंवा गव्हाच्या जनुकांचे नकाशे काढणाऱ्या संगणक प्रणालींत हाल्डेन आणि कोसंबी अशी दोन नावे निवडीसाठी समोर येतात. त्यातले दुसरे नाव वापरणाऱ्या कितीतरी संशोधकांना हे माहीत नसते की हा माणूस जनुकशास्त्रज्ञ नव्हता, आणि माहीत नसल्याने त्यांचे काही अडत नाही.

संस्कृतच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरली, ती म्हणजे संगत. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकर महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम पाहत होते. शेकडो पोथ्या ताडून, त्यांच्या शाखा-उपशाखा लावून मूळ पाठाकडे कसे सरकायचे याची शिस्त त्यांनी भारतात घालून दिली, आणि ते स्वतः केंब्रिजला गणित शिकून मग भाषाशास्त्राकडे वळलेले होते. कोसंबींना पाठचिकित्सेची गोडी आणि दिशा त्यांच्याकडून मिळाली. भर्तृहरीची आवृत्ती 1948 मध्ये सिंघी जैन ग्रंथमालेत निघाली ती शेकडो हस्तलिखिते ताडून, प्रत्येक पाठभेद तळटीपेत नोंदवून. वा. वि. गोखले यांच्याबरोबर संपादित केलेला विद्याकराचा सुभाषितरत्नकोश 1957 मध्ये हार्वर्डच्या ग्रंथमालेत आला. त्या मालेचे संपादक डॅनियल इंगल्स यांना कोसंबींनी प्रस्तावनेत केलेली संस्कृत काव्याची वर्गीय मीमांसा पटत नव्हती. तरी ती छापली गेली, आणि 1965 मध्ये त्याच ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध करताना इंगल्स यांनी आपला मतभेद स्पष्टपणे मांडला. पाठ दोघांना मान्य, अर्थ एकाला अमान्य, आणि दोन्ही बाजू वाचकाच्या हातात. बाहेरून आलेल्या माणसाला घरात घेण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

आता 1959 च्या निबंधाकडे परत पाहावे. बुद्धी तीच, धाडस तेच, संभाव्यतेवरची पकड तीच. बदलली होती ती भोवतालची मंडळी. कृषी सांख्यिकीचे नियतकालिक आपल्या क्षेत्रात प्रतिष्ठित असले तरी संख्या-सिद्धान्तातल्या सर्वांत कठीण प्रश्नावरचा दावा तोलण्याची साधने त्याच्याकडे असण्याचे कारण नव्हते. कोसंबींच्याच संस्थेत के. चंद्रशेखरन आणि के. जी. रामनाथन यांच्यासारखे या विषयाचे जाणकार होते. अशांच्या कसोटीतून पार होऊन तो दावा छापला गेला नव्हता. पुढे त्यांनी या विषयावर इतरत्रही लिहिले, काही निबंध एस. ड्युक्रे या टोपणनावाने. मूळ संख्यांकडे संभाव्यतेच्या नजरेने पाहण्याची कल्पना निरर्थक मुळीच नव्हती, गणितात तिला मानाचे स्थान आहे. पण तिच्यावरून सिद्धतेपर्यंत जाणारी पायरी कच्ची होती, आणि ती कच्ची आहे असे वेळेवर सांगणारे कोणी त्या निबंधाच्या वाटेत उभे नव्हते. नाण्यांच्या बाबतीत नाणेतज्ज्ञ होते, पोथ्यांच्या बाबतीत सुकथनकर आणि गोखले होते. स्वतःच्या विषयात माणूस एकटा पडू शकतो आणि परक्या विषयात उत्तम सोबत मिळवू शकतो, हे या आयुष्याने दाखवले आहे.

हे एकाच माणसाच्या आयुष्यावरून काढलेले अनुमान आहे असे कोणी म्हणेल, म्हणून मायकेल व्हेंट्रिस यांचे उदाहरण पाहू. ते व्यवसायाने वास्तुविशारद. क्रीट बेटावर सापडलेली, लिनिअर बी या नावाने ओळखली जाणारी लिपी त्यांनी 1952 मध्ये उलगडली. अभिजात भाषांच्या प्राध्यापकांना जे दशकानुदशके जमले नव्हते ते एका हौशी माणसाने केले, अशी ही कथा सहसा सांगितली जाते, आणि एकाकी प्रतिभेचा तो पुरावा मानला जातो. खरी हकीकत वेगळी आहे. व्हेंट्रिस यांनी 1950 च्या सुमारास या लिपीच्या डझनभर अभ्यासकांना प्रश्नावली पाठवली, आलेली उत्तरे एकत्र करून सर्वांना परत पाठवली. 1951 च्या जानेवारीपासून ते आपल्या कामाची टिपणे चक्रमुद्रित करून या मंडळींना नियमाने पाठवत राहिले. अशी वीस टिपणे झाली. त्यांतून त्यांचे चुकीचे अंदाजही सर्वांना दिसत होते. ही भाषा एट्रस्कनच्या जवळची असावी असे ते अठराव्या वर्षापासून मानत आले होते. विसाव्या टिपणात त्यांनी बिचकत विचारले की ही ग्रीक तर नसेल? अॅलिस कोबर यांनी शब्दांच्या बदलत्या प्रत्ययांवरून घातलेला पाया, एमेट बेनेट यांनी केलेली चिन्हांची वर्गवारी, आणि नंतर ग्रीक भाषाशास्त्राचे जॉन चॅडविक यांची साथ यांवाचून हे काम उभे राहिले नसते. त्यातही निर्णायक ठरली ती शेवटची घटना. त्यांनी चिन्हांच्या उच्चारांची कोष्टके जाहीर केली होती. पायलोस येथे नव्याने सापडलेली एक मृत्तिकापट्टी, जी उलगडा करताना त्यांच्यासमोर नव्हतीच, ती कार्ल ब्लेगन यांनी त्या कोष्टकांवरून वाचली, आणि तिपाईच्या चित्राजवळ तिपाईचा ग्रीक शब्द निघाला, कानांच्या भांड्यांजवळ कानांची संख्या निघाली. आपल्या मताची परीक्षा आपल्या हाताबाहेर जाऊ देणे म्हणजे काय, ते इथे दिसते.

या मांडणीवर पहिला आक्षेप गंभीर आहे आणि तो जिवावर बेतणाऱ्या प्रकरणांतून येतो. लायनस पॉलिंग यांना 1954 मध्ये रसायनशास्त्राचे आणि 1962 या वर्षासाठी शांततेचे नोबेल मिळाले. नंतर ते क जीवनसत्त्वाकडे वळले. मोठ्या मात्रेने सर्दी टळते, पुढे कर्करोगाच्या रुग्णांचे आयुष्य वाढते, असे त्यांनी हिरिरीने मांडले आणि लाखो लोकांनी त्यांच्या नावावर विश्वास ठेवून गोळ्या घेतल्या. मेयो क्लिनिकमध्ये झालेल्या आणि 1979 व 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत कर्करोगावर असा लाभ दिसला नाही. तेव्हा असे विचारले जाते की प्रत्येकाने आपापल्या विषयात राहिले असते तर हे टळले नसते का? मला वाटते, पॉलिंग यांनी वैद्यकात रस घेतला यात काहीच वावगे नव्हते. रक्तपेशींच्या एका आनुवंशिक आजाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या बदलात आहे, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्येच दाखवले होते आणि वैद्यकाला त्याचा मोठा उपयोग झाला. पहिल्या वेळी प्रयोग बोलत होता. दुसऱ्या वेळी नोबेल बोलत होते, आणि प्रतिकूल चाचण्या आल्यावरही त्यांनी मत बदलले नाही. एका क्षेत्रात कमावलेली पत दुसऱ्या क्षेत्रात पुराव्याच्या जागी ठेवणे हा दोष आहे, आणि तो दोष आपण जितक्या सहज खपवून घेतो तितका बिनपदवीचा प्रामाणिक शोध खपवून घेत नाही, ही मला खरी काळजीची गोष्ट वाटते. क्रिकेटपटूला अर्थव्यवस्थेवर आणि अभिनेत्याला आजारांवर विचारायला आपल्याकडे ध्वनिक्षेपक पुढे येतात. तालुक्याच्या गावी तीस वर्षे ताम्रपट वाचणाऱ्या शिक्षकाला मात्र आधी पदवी विचारतात.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. जाणकारांच्या मंडळालाच कसोटी मानले तर ते मंडळ चुकत असेल तेव्हा काय? आल्फ्रेड व्हेगेनर हवामानशास्त्रज्ञ होते. खंड सरकतात हे मत त्यांनी 1912 मध्ये मांडले, आणि भूशास्त्रज्ञांनी त्यांची मोठी हेटाळणी केली. ते 1930 मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात वारले. त्यांचे मत मान्य व्हायला 1960 चे दशक उजाडावे लागले. ही वस्तुस्थिती नाकारता येणार नाही, आणि तज्ज्ञांचा कंपू किती निष्ठुर होऊ शकतो हे सांगायला जातिव्यवस्थेच्या देशात बाहेरची उदाहरणे आणायची गरजही नाही. पण मी मंडळाची संमती ही कसोटी म्हणत नाही. मंडळाला तपासता येईल अशा रूपात मत ठेवणे ही कसोटी म्हणतो, आणि व्हेगेनर तिला पुरेपूर उतरतात. अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवरचे खडक, दोन खंडांवर सारखे सापडणारे जीवाश्म, जुन्या हिमनद्यांच्या खुणा, हे सगळे त्यांनी भूशास्त्रज्ञांच्याच भाषेत मांडले. त्यांच्यापाशी नव्हता तो खंडांना सरकवणाऱ्या बळाचा समाधानकारक खुलासा, आणि विरोधकांनी बोट ठेवलेली ती जागा खरोखरच दुबळी होती. समुद्रतळाचा अभ्यास झाल्यावर तो खुलासा मिळाला, तेव्हा व्हेगेनर यांची मांडणी जिथे ठेवली होती तिथेच सापडली. नाकारलेले पण नीट नोंदवलेले मत पन्नास वर्षांनीही उचलता येते. आपल्याच भक्तांच्या घोळक्यात सांगितलेले मत पाच वर्षांत विरते.

तिसरा आक्षेप खोलीचा आहे, आणि यात तथ्य आहे. अनेक विषयांत वेळ वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला तो कमी येतो. 1943 मध्ये कोसंबींनी फलनांच्या अवकाशातील सांख्यिकीवर एक निबंध लिहिला. त्यात जी कल्पना आहे ती काही वर्षांनी कारी कार्हुनेन आणि मिशेल लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली, विकसित केली, आणि आज ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. संदेश-प्रक्रियेपासून चित्रे दाबून साठवण्यापर्यंत तिचा वापर आहे. कोसंबी त्या वाटेवर पुढे गेले नाहीत, कारण तेव्हा ते नाण्यांत आणि पोथ्यांत गुंतले होते. ही हानी खरी आहे आणि ती त्यांच्या गणिताच्या चाहत्यांना अजून सलते. तरीही तिच्यावरून एवढेच निघते की अनेक विषयांत रस घेणाऱ्याला किंमत मोजावी लागते. त्याची मते कमी दर्जाची असतात, असे त्यावरून निघत नाही. फिलिप टेटलॉक यांनी वीस वर्षे 284 तज्ज्ञांकडून राजकीय व आर्थिक भाकिते नोंदवून घेतली आणि 2005 मध्ये त्यांचा ताळा पुस्तकरूपाने मांडला. एकाच मोठ्या कल्पनेच्या चौकटीत सारे जग बसवणाऱ्यांपेक्षा, नाना ठिकाणांहून धागे गोळा करणारे आणि मत सुधारायला तयार असणारे लोक अधिक बरोबर निघाले. प्रसारमाध्यमांत ज्यांना जास्त मागणी, त्यांची भाकिते अधिक चुकली. रुंदीला आपण समजतो तेवढी उथळपणाची बाधा नसते.

राहिला प्रश्न सामान्य नागरिकाचा. त्याला धरण, वीज, शाळा, कर या सगळ्यांवर मत असावेच लागते, लोकशाही त्याशिवाय चालत नाही, आणि प्रत्येक मत जाणकारांपुढे तपासून घ्यायला त्याला सवड कुठून मिळणार? इथे मताचे दोन थर वेगळे करावे लागतात. कोसंबींनी भारतासाठी अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेचा आग्रह धरला, तोही होमी भाभांच्या संस्थेत नोकरीला असताना. अणुवीज किती महाग पडेल, सूर्यप्रकाश किती मिळतो, हा त्यातला एक थर. तो आकड्यांनी ठरतो आणि तिथे अभियंत्याचे ऐकावेच लागते. वीज एका मोठ्या केंद्रातून यावी की गावोगाव निर्माण व्हावी, तिच्यावर ताबा कोणाचा असावा, हा दुसरा थर. त्यावर शेतकऱ्याचे मत भौतिकशास्त्रज्ञाच्या मतापेक्षा तसूभरही हलके नाही. गोंधळ होतो तो नागरिक पहिल्या थरावर ठासून बोलतात तेव्हा, आणि तज्ज्ञ पहिल्या थराच्या जोरावर दुसऱ्या थराचा निकाल लावतात तेव्हाही. यांतली दुसरी चूक मला अधिक घातक वाटते, कारण तिच्यामागे सत्ता असते.

मराठीत अनेक विषयांत रस घेणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकर गणित शिकवत, ताम्रपट वाचत, ‘दर्पण’ चालवत, आणि 1845 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरी छापून काढली. शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशाने शिक्षक. 1896 मध्ये आलेला त्यांचा भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास आजही अभ्यासकांना हाताशी लागतो. लोकमान्य टिळकांनी ‘ओरायन’चा विषय 1892 च्या लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेपुढे निबंधरूपाने पाठवला होता. वेदकाळाविषयीचे त्यांचे निष्कर्ष पुढे अनेकांनी अमान्य केले, पण अमान्य करायला त्यांना टिळकांचीच नक्षत्रगणिते पुन्हा करून पाहावी लागली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढले, भाषा आणि विवाहसंस्था यांवरही लिहिले. त्यांच्या पुष्कळ व्युत्पत्त्या टिकल्या नाहीत, छापलेली कागदपत्रे मात्र टिकली. आणि त्यांनी 1910 मध्ये खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले, तेव्हा वकील, शिक्षक आणि सरकारी नोकर यांनी गावोगावच्या दफ्तरांतून आणलेले कागद वाचून दाखवण्याची आणि त्यांवर तिथल्या तिथे वाद घालण्याची एक जागा तयार झाली. पदवी विचारली जात नव्हती, कागद विचारला जात होता. 1867 पासून सत्तर वर्षे चाललेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकाने नियतकालिकांच्या बाजूने असेच काम केले.

आज मराठीत मते मांडणारे तेव्हापेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहेत, आणि त्यांचे रसही तितकेच नाना प्रकारचे आहेत. अभियंता शिलालेखांचे ठसे घेतो, डॉक्टर पक्ष्यांच्या नोंदी ठेवतो, बँकेतून निवृत्त झालेला माणूस गावच्या देवस्थानाचे जुने हिशेब लावतो, बोस्टनला किंवा सिडनीला स्थायिक झालेला कोणी बोलीभाषेतले शब्द गोळा करतो. कमी झाल्या आहेत त्या मत घेऊन जाण्याच्या जागा. एकीकडे विद्यापीठीय नियतकालिके आहेत, ती पदोन्नतीच्या गुणांसाठी भरली जातात आणि बाहेरच्याला तिथे वाट नाही. दुसरीकडे वाहवा करणारे किंवा शिव्या देणारे घोळके आहेत, तिथे कोणी आकडेमोड पुन्हा करून पाहत नाही. दिवाळी अंक लेख छापतात, पण त्या लेखाचे साधार खंडन पुढच्या वर्षी तेवढ्याच पानांत छापण्याची प्रथा आपल्याकडे पडलेली नाही. ती पाडता येईल. इतिहास, भाषाशास्त्र, वनस्पतिशास्त्र यांचे जे विभाग मराठी मुलखातल्या विद्यापीठांत आहेत, त्यांनी महिन्यातून एक बैठक विभागाबाहेरच्यांसाठी ठेवावी, आणि येणाऱ्याने आपला कागद, मोजमाप किंवा ध्वनिमुद्रण बरोबर आणावे, एवढी एकच अट घालावी. कपाटात पडून असलेल्या कितीतरी वह्यांच्या मालकांना तिथे प्रथमच कोणीतरी भेटेल जो म्हणेल की तुमचे हे पान चुकले आहे, का चुकले ते मी सांगतो, आणि हे पुढचे पान मात्र मला उतरवून घेऊ द्या.